उन्हाळ्यात तान्ह्या आणि दुडदुडणाऱ्या मुलांचं हातकाम: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

अकोल्यात माझं छोटं पाळणाघर आहे. एप्रिल संपत आला की पारा ४४-४५ वर जातो, दारं-खिडक्या दुपारभर बंद राहतात आणि आयांचे (हल्ली बाबांचेही) फोन सुरू होतात, "ताई, याला दिवसभर काय देऊ?" दरवर्षी प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. इथलं सगळं तीन महिने ते तीन वर्षं एवढ्याच वयाबद्दल आहे.

एवढ्याशा बाळाला हस्तकला जमते का?

कागदाची होडी, भिरभिरं या अर्थाने विचाराल तर नाही. दीड वर्षांच्या पोराच्या डोक्यात "वस्तू बनवणं" हा विचारच नसतो. त्याला गोळ्यात बोट खुपसायचं असतं आणि बोट बाहेर काढल्यावर भोक तसंच राहतं का ते बघायचं असतं. कागद टरकन फाटतो तो आवाज दहादा ऐकायचा असतो. यात मनगट वळतं, बोटं सुटी होतात, दोन्ही हात एकमेकांना साथ द्यायला शिकतात. पुढे बटण लावणं, वरणभात न सांडता खाणं, पेन्सिल धरणं हे सगळं याच हालचालींवर उभं राहतं.

उन्हाळी शिबिरातून घरी येणारं ते सुबक फुलपाखरू बहुतेक वेळा ताईंनी किंवा आईने केलेलं असतं. पोर शेजारी जांभया देत असतं. पाळणाघराच्या पहिल्या दोन वर्षांत मीसुद्धा अशी फुलपाखरं घरी धाडली आहेत. पालक खूश होतात ना!

कितव्या महिन्यापासून काय द्यायचं?

महिने मोजण्यापेक्षा हात बघा. चार ते सहा महिन्यांत बाळ समोरच्या वस्तूकडे हात नेऊन ती पकडायला लागतं, पण अख्ख्या पंजाने. सात महिन्यांच्या आसपास वस्तू या हातातून त्या हातात जाते. नऊ ते बारा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीची चिमूट तयार होते. घरातल्यांना हे लगेच कळतं, कारण फरशीवरचा केससुद्धा बाळ उचलून दाखवतं. दीड वर्षाच्या आगेमागे रेघोट्या सुरू होतात, दोन वर्षांचं मूल पाच-सहा ठोकळे एकावर एक रचतं आणि तीनच्या सुमाराला तुमचं बघून गोल काढतं.

पंजाची पकड असताना मोठी, मऊ, दाबता येणारी वस्तू द्या. चिमूट आली की फाडणं, टोचणं, चिकटवणं सुरू करा. पुढेमागे महिना-दोन महिने होणारच, शेजारच्या बाळाशी तुलना करू नका.

बाळ तीन-चार महिन्यांचंच आहे. त्याच्यासाठी काही करता येईल?

येईल, पण करायचं तुम्ही आणि बघायचं त्याने. अगदी लहान बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे अंगावर पाजताना आईचा चेहरा असतो तेवढं अंतर. फिक्या गुलाबी-निळ्या रंगांपेक्षा त्याला काळं-पांढरं पटकन दिसतं. पुठ्ठ्यावर काळे जाड पट्टे, एक मोठं वर्तुळ, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन काढा. बाळ पालथं असताना ते भिंतीला टेकवून समोर ठेवा. मान उचलून बघायला त्याला कारण मिळतं.

आजीच्या हातचं चिमणाळं अजून कुणाच्या घरी असेल तर ते काढाच. नसेल तर लाल-काळ्या खणाचे तुकडे, त्यात थोडा कापूस भरून, चार चिमण्या शिवल्या की झालं. पाळण्यावर टांगताना दोरी आखूड ठेवा, बाळाचा हात पोचता कामा नये. बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं, साधारण पाच महिन्यांपर्यंत, की ते काढून टाका. गळ्याभोवती दोरी अडकणं ही नुसती धास्ती नाही, खरंच घडणारी गोष्ट आहे.

सगळं तोंडात घालतो. मग रंग कोणते द्यायचे?

खाण्यातलेच. आणि तेही वरचं अन्न सुरू झाल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनंतर.

दोन चमचे कॉर्नफ्लोअर वाटीभर गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळा. खिरीसारखं दाट झालं की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. तीन-चार वाट्यांत वाटून एकीत चिमूटभर हळद, एकीत किसलेल्या बिटाचा रस, एकीत पालक उकडून गाळलेलं पाणी घाला. पालकाचा हिरवा जरा मेंगळटच येतो, अपेक्षा कमी ठेवा. बिटाचा रंग मात्र असा येतो की दुसऱ्या दिवशी शी लाल दिसली तर घाबरू नका, आठवा.

ज्या पदार्थाची बाळाला अजून चवच दिली नाही तो रंगातही नको. मध एक वर्षाच्या आत कुठल्याच रूपात नको, बोटाला लावून चाटवणंही नाही. होळीचे उरलेले रंग, ऑइल पेंट आणि हल्ली मिळणारं रासायनिक कुंकू लांब ठेवा. रांगोळीही नको, ती दगडाची बारीक भुकटी असते आणि श्वासातून छातीत जाते. जमिनीवर चिमटीने काही सोडायचंच असेल तर तांदळाची पिठी आहे. सुटी हळद भडक पिवळी असेल तर तिच्यात शिशाच्या रंगाची भेसळ असू शकते, म्हणून घरात जेवणात वापरता त्याच खात्रीच्या डब्यातली घ्या.

खेळायला कणकेचा गोळा दिला तर चालेल ना? पिढ्यान्‌पिढ्या देत आलोय.

पोळ्या करताना पोराच्या हातात गोळी देणं आपल्या अंगवळणी पडलंय आणि खेळ म्हणून त्याला तोड नाही. पण कच्चं पीठ पोटात जाणं चांगलं नाही. कुठल्याही कच्च्या पिठात जंतू असू शकतात, आणि एक वर्षाचं पोर गोळी खाणारच. आणखी एक, इंटरनेटवर सगळीकडे दिसणारा वाटीभर मिठाचा गोळा तीन वर्षांच्या आत अजिबात देऊ नका. तो टिकतो खरा, पण लहान मुलाने त्यातला बराचसा खाल्ला तर रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

मी उकड देते. मोदकाची असते तीच. वाटीभर पाण्यात चमचाभर तेल घालून उकळी आणायची, वाटीभर तांदळाची पिठी घालायची, झाकण ठेवून वाफ काढायची आणि कोमट झाल्यावर तेलपाण्याचा हात लावून मळायची. रंग हवा तर पाण्यातच हळद घाला. शिजलेली असल्यामुळे चार घास पोटात गेले तरी बिघडत नाही. स्पर्शाला ती कणकेपेक्षा मऊ आणि गुळगुळीत असते, दहा महिन्यांच्या बाळाचा पंजाही तिच्यात सहज रुततो.

आमच्याकडे सव्वा वर्षांची एक मुलगी आहे. पहिल्या दिवशी उकडीला हात लावायला तयार नव्हती. हात मागे घेऊन नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी एक बोट लावलं आणि लगेच फ्रॉकला पुसलं. पाचव्या दिवशी मी गोळ्यात लाकडी चमचा उभा खुपसून ठेवला, तेव्हा तो उपटून काढायला म्हणून तिने पहिल्यांदा गोळा डाव्या हाताने घट्ट धरला. तिला चिकट लागलेलं आवडत नव्हतं, पण चमचा हवा होता. अशा मुलांचा हात धरून चिखलात बुडवू नका. एखादं हत्यार द्या, हात मागून येतो.

दोन वर्षांच्या पुढच्यांना छोटं लाटणं, चकलीचा सोऱ्या (दाबायला तुम्ही मदत करा), करंजीचं कातणं द्या. कातण्याची नागमोडी कड उमटली की मुलं तासभर सोडत नाहीत. उकड ओल्या फडक्याखाली ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. मे महिन्यात संध्याकाळी तिला वास येतो.

भेंडीचे ठसे लहान मुलांना जमतात का?

दीड वर्षांपासून जमतात, आणि माझ्या मते या वयाला बाजारातल्या कुठल्याही ठशापेक्षा भेंडी बरी. देठाकडचा जाड भाग ठेवून आडवी कापली की पाच-सहा पाकळ्यांचं फूल तयार. जून भेंडी घ्या. कोवळी दाबली की लिबलिबते, आणि नाहीतरी ती भाजीला लागते. अख्खी भेंडी मुठीत मावते, त्यामुळे "असं धर, तसं धर" सांगावं लागत नाही.

उथळ ताटलीत फडक्याची घडी ठेवा आणि तिच्यावर वरचाच रंग दोन चमचे ओता. वाटीत रंग दिलात तर मूल भेंडी ढवळत बसेल, तेही बरंच आहे म्हणा. कांदा अर्धा कापून त्याची वलयं, कारल्याची चकती, कोबीच्या गड्ड्याची अर्धी फाक असं बरंच काही निघतं. मुलाने कागदावर एकच ठसा शंभरदा मारून काळपट डाग केला तर तो डाग म्हणजेच त्या दिवसाचं काम. भेंडीचा कच्चा तुकडा तोंडात जाऊ नये म्हणून शेजारीच बसा.

आंब्याच्या कोयींचं काही करता येईल का?

रायवळ आंबा खा आणि कोय टाकू नका. हापूसपेक्षा रायवळाच्या कोयीला भरपूर केस असतात. घासून धुवा, गच्चीवर चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, की पांढरट दाढी मोकळी होते. मुलाला जुना मऊ टूथब्रश द्या आणि "आजोबांची दाढी विंचर" म्हणा. एका हाताने कोय धरणं आणि दुसऱ्याने विंचरणं ही दोन हातांची वेगवेगळी कामं झाली, दीड-दोन वर्षांच्या मुलाला ती अवघडच असतात. डोळे तुम्ही कोळशाने काढा. वाटाण्यासारखे प्लॅस्टिकचे डोळे चिकटवू नका, ते निघतात आणि गिळले जातात.

कोणती वस्तू गिळली जाईल हे ओळखायचं कसं?

मी लिंबू वापरते. लिंबाएवढी किंवा त्याहून लहान वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात सोडून उठायचं नाही. मणी, राजमा, चिंचोके, नाणी, फुग्याचे तुकडे, थर्मोकोलचे गोळे, सगळं यात आलं. पाण्यात फुगणारे जेलीसारखे रंगीत मणी घरातच आणू नका, ते पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडवतात. घड्याळातला किंवा आवाज करणाऱ्या खेळण्यातला चपटा सेल गिळला असं वाटलं तरी थांबायचं नाही, तडक दवाखाना.

"मण्यांची माळ ओवली की एकाग्रता वाढते" असं कुणी सांगितलं तर तीन वर्षांपर्यंत थांबा. तोवर बांगड्या लाटण्यावर ओवायला द्या. माझ्या भाच्याने धान्य चाळण्याच्या अशाच एका "उपक्रमात" हरभरा नाकात घातला होता. घरात कुणालाच कळलं नाही. दोन दिवसांनी तो आत भिजून फुगला, नाकाला घाण वास यायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी चिमट्याने काढला. धान्याचं ताट तेव्हापासून माझ्याकडे बंद.

बाहेरची फुलं-पानं वापरली तर?

जरूर. मेमध्ये गुलमोहराचा सडा पडलेला असतो. रुंद चिकटपट्टी उलटी करून, म्हणजे चिकट बाजू बाहेर ठेवून, कपाटाच्या दाराला मुलाच्या छातीच्या उंचीवर लावा. मूल उभं राहून पाकळ्या चिकटवतं आणि काढतं. उभ्या पृष्ठभागावर काम करताना खांदा आणि मनगट दोन्ही राबतात, शिवाय कूलरच्या झोताने सगळं उडून जात नाही. (कूलर चालू असताना जमिनीवर सुटे कागद देऊन बघा एकदा.)

पण कण्हेर नको, लाल-गुलाबी नाही आणि पिवळी म्हणजे बिट्टीही नाही. तिचं पान, फूल, बी, सगळं विषारी असतं, आणि ती सोसायटीच्या कुंपणाला हमखास लावलेली असते. रुई आणि धोतऱ्याचंही तेच. लालचुटूक गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला इतक्या गोंडस असतात की हातकामाच्या डब्यात आपोआप जमा होतात. चावली गेली तर एखादी बीसुद्धा जिवावर बेतू शकते. ओळख पटली नाही ते पान उचलू नका.

पाण्यात खेळायला किती वेळ सोडायचं?

सोडायचं नाही, बसायचं. टबात चार बोटं पाणी असलं तरी लहान मूल त्यात बुडू शकतं, आणि आवाजही होत नाही. फोन आला तर मुलाला उचलून बरोबर न्या. झालं की पाणी लगेच ओता, कुंडीत किंवा कूलरमध्ये.

एवढं सांभाळलंत तर उन्हाळ्यात याहून चांगलं काही नाही. स्टीलच्या मोठ्या वाटीत जास्वंदाचं फूल ठेवून पाणी गोठवा. निघालेला बर्फाचा घुमट परातीत द्या, शेजारी कोमट पाण्याची वाटी आणि चमचा. चमच्याने पाणी ओतत ओतत फूल सोडवायला दोन वर्षांच्या मुलाला अर्धा तास लागतो. ट्रेमधले बर्फाचे छोटे चौकोन मात्र देऊ नका, ते घशात अडकतात. एक वर्षाच्या बाळाला नुसती ओली फडकी आणि एक वाटी पुरते. पिळता येत नाही, पण प्रयत्न करतं. मोठ्यांना गच्चीच्या भिंतीवर पाण्याने "रंग" द्यायला जुना ब्रश द्या. रेघ काढली की वाळते, परत काढायची.

गच्चीवर जायचं ते सकाळी नऊच्या आत, नाहीतर सूर्य कलल्यावर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात अजिबात नेऊ नका. आणि उन्हाळा आहे म्हणून त्याला वरचं पाणीही पाजायचं नाही. आईच्या दुधातच त्याला पुरेसं पाणी मिळतं, हवं तर जास्त वेळा पाजा.

दोन मिनिटंसुद्धा बसत नाही. काय चुकतंय?

काहीच नाही. दीड वर्षांचं मूल एका कामाला दोन-चार मिनिटं देतं, तेवढंच त्याच्याकडे असतं. सामान तयार करायला तुम्हाला वीस मिनिटं लागली आणि ते तीन मिनिटांत उठलं की राग येतो, मलाही येतो. म्हणून तयारी छोटी ठेवा. रद्दी पेपर फाडायला द्या. रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा, कडा चिकटपट्टीने झाका आणि त्यातून आत टाकायला जुने पत्ते द्या. तयारी दोन मिनिटं, आणि वर्षाच्या पोराला याहून मोठी करमणूक मी पाहिलेली नाही.

तयार किट विकत घेऊ का?

घ्यायचंच असेल तर आधी वरची लिंबाची कसोटी लावा. एरवी गरज वाटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम उभं केलं ते पानं, बिया, शिंपले, माती अशा भोवतालच्या वस्तूंवर. आज तेच बांबूच्या ट्रेमध्ये मांडून हजार रुपयांना विकतात, एवढाच फरक.

व्हिडिओ लावून देऊ का, म्हणजे बघून शिकेल?

व्हिडिओ तुम्ही बघा, मूल झोपल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सल्ल्यानुसार दोन वर्षांच्या आत बसून पडदा बघणं नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नको. शिवाय पडद्यावरचा गोळा बोटाला लागत नाही.

आजी म्हणतात, डाव्या हाताने करू देऊ नका.

आजींना हळदीचा डाव दाखवा, त्या स्वतःच रमतील. (कागदाला हळदीचं पाणी फासून वाळवा. खायच्या सोड्याच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघ ओढली की ती लालसर उमटते. लिंबाचा रस लावला की परत पिवळी. हळदीला चुना लागला की लाल होते आणि पूर्वी कुंकू तसंच करत, हे आजींना आधीपासून ठाऊक असतं, त्या कौतुकाने सांगतात.)

हाताचं म्हणाल तर कोणता हात पुढे राहणार हे बहुतेक मुलांत दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ठरतं. तोवर दोन्ही हात चालतात. डावा ठरला तर डावा, बदलायला जाऊ नका. उलट एक वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत आवळून ठेवत असेल, तर तो डावखुरेपणा धरू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सहा-सात महिन्यांचं होऊनही वस्तूकडे हात नेत नसेल, किंवा पूर्वी जमणारी गोष्ट करायची थांबलं असेल, तरीही दाखवा. हातकाम हा त्यावरचा उपाय नाही.

पसाऱ्याचं काय करायचं?

जुनी साडी अंथरा, मुलाला चड्डीवर बसवा, अंघोळीच्या आधीची वेळ धरा. हळदीचा डाग पडलेला कपडा धुऊन कडक उन्हात वाळत घाला, दोन-तीन उन्हांत डाग फिका होत जातो. इथे ऊन काही कमी नाही.

केलेल्या वस्तू किती दिवस ठेवायच्या?

उकडीचं त्याच दिवशी टाका. भेंडीच्या ठशांचा कागद पूर्ण वाळवून मागे तारीख आणि मुलाचं वय लिहा. कॉर्नफ्लोअरच्या रंगाला मुंग्या आणि झुरळं येतात, म्हणून तो भिंतीला चिकटवू नका, फोटो काढून कागद रद्दीत घाला. कोयीचे आजोबा मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतात. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते, जून लागायच्या आत डब्यात भरून ठेवा.